रोहिदास सर मार खायला जातात

कशेळ्याच्या भातगिरणीमागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या दारावर निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय : ‘जीवघेणे कराटे वर्ग. महिला व बालकांना खास सवलत.’ सवलत फीमध्ये की जीव घेण्यात, हे मी पाटी रंगवणाऱ्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, “सरांनी सांगितलं तेवढं लिवलं. सरांना उलटं कोण विचारणार?”

सगळं दुखणं तिथेच होतं. रोहिदास ऐनकर सरांना बावीस वर्षांत कुणी उलटं काही विचारलंच नव्हतं. उलटा हात टाकणं तर लांबच.

सर एकोणपन्नास वर्षांचे. उंची बेताची, छाती भरदार, आणि छातीला एकटं वाटू नये म्हणून खाली तेवढंच भरदार पोट. दिवसा ते बाजारपेठेतल्या गाळ्यात जळलेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. तांब्याची तार गुंडाळताना हा माणूस इतका शांत असतो की माश्याही विश्वासाने येऊन बसतात. पण संध्याकाळी सहाला हाताचं ग्रीस पुसून, पांढरा ड्रेस चढवून, काळा पट्टा बांधून सर शेडमध्ये उभे राहिले की आवाज वर चढतो आणि भाषा पुस्तकी होते. एरवी ‘काय रं, कवा आलास?’ म्हणणारा माणूस ‘विद्यार्थ्यांनो, शत्रू सर्वत्र आहे’ म्हणायला लागतो. शत्रू सर्वत्र असेलही, पण तो कशेळ्याला उतरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. मुरबाडची गाडी इथे दोनच मिनिटं थांबते.

काळा पट्टा सरांनी कल्याणच्या एका गुरूंकडून मिळवला. ते गुरू पुढे मस्कतला नोकरीला गेले आणि सरांच्या डोक्यावर कुणी उरलं नाही. मग सरांनी स्वतःची पद्धत बसवली. आधी अर्धा तास उठाबशा. नंतर गिरणीतलं तूस भरलेल्या पोत्यांना लाथा. नंतर काता, म्हणजे हवेतल्या शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचं. सरांचा काता खरोखर देखणा. कोपर, कंबर, नजर, सगळं जागच्या जागी. हवेतल्या शत्रूंची अवस्था मात्र वाईट. बावीस वर्षांत त्यांच्यातला एकही वाचलेला नाही.

शेवटी व्हायचं ‘प्रात्यक्षिक’. यात एका विद्यार्थ्याने सरांवर हल्ला करायचा. हल्ल्याआधी वाकून नमस्कार करायचा. मग मोठ्याने ‘मारतो हं, सर!’ असं सांगायचं. मग उजव्या हाताचा ठोसा सरांच्या छातीच्या वीतभर अलीकडे आणून तिथेच ठेवायचा. तो ठेवलेला हात सर बाजूला सारत, एक वार बरगडीत, एक कानशिलात आणि एक मानेवर, सगळे अंगाला न लावता दाखवत, आणि एक पाय मागे घेऊन, मुठी कमरेला लावून, डोळे अर्धवट मिटून उभे राहत. तेवढ्यात विद्यार्थ्याने पडायचं. सरांचे डोळे पूर्ण उघडेपर्यंत पडून राहायचं.

पडायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण निम्मे विद्यार्थी सरांचे पुतणे आणि भाचे, आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरच्या मोटारी सरांच्या गाळ्यात उघड्या पडलेल्या. काकांनी मारल्यावर उभं राहायचं म्हणजे काय, काही रीतभात आहे की नाही? तेव्हा लोकांनी पडण्यात प्रावीण्य मिळवलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला हालचाल सांगितली, तेव्हा मीही त्या वर्गात साडेतीन महिने होतो आणि सरांच्या हातून अकरा वेळा पडलेलो आहे. अकराव्या पडण्याला मला पिवळा पट्टा मिळाला.

पण पडावं ते कमळ्याने. कमळ्या म्हणजे सरांचा चुलतपुतण्या. वय चौतीस, टेंपो चालवतो, अंगाने भाताच्या कणगीसारखा. तो आधी गुडघ्यावर यायचा, मग ‘आई गं’ म्हणायचा, मग स्वतःभोवती एकदा फिरून पसरायचा. एखादा वार दाखवायला सर विसरले तरी कमळ्या तो मनाने धरून पडायचा. त्याला तपकिरी पट्टा होता.

स्पर्धा हा शब्द काढला की सर हसत. “स्पर्धा म्हणजे नाच. हातमोजे घालून, दातांत रबर धरून कोण मारामारी करतं? आपले वार स्पर्धेत बसत नाहीत. मानेवरचा तो वार मी अजून कुणावर वापरला नाही. कारण मला तुरुंगात जायचं नाही.” हे ऐकताना वर्ग शहारायचा. मीही शहारलो आहे.

न शहारणारी एकच बाई होती. सुनंदा. एसटीत कंडक्टर, मूळची खालापूरकडची, छत्तीस वर्षांची, दोन पोरांची आई. लग्नाआधी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. पहिल्याच प्रात्यक्षिकात सरांनी तिला बरगडी, कानशील, मान असं सगळं दाखवलं, पोज घेतली, डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. सुनंदा समोर उभीच.

“सुनंदाताई, पडायचं असतं,” सर हळूच म्हणाले.

“लागलंच नाय तर पडू कशी?”

“समजा की लागलं.”

“सर, समजायला मी घरी पण समजते. हितं मी शिकायला येते.”

तिला शेवटच्या रांगेत उभं करण्यात आलं. दोन वर्षं झाली तरी तिचा पट्टा पांढराच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी सर रूपेश मेडिकलवाल्याला भर रस्त्यात हल्ला चुकवायची युक्ती समजावत होते. रूपेशने पोरीला वर्गात घालायचं की नाही, याचा त्या दिवशी निकाल लागणार होता. “शत्रू समोरून आला की आपण असं एक पाऊल मागे,” असं म्हणत सर एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. तिसरं पाऊल चिंधीबाईच्या कंटोळ्यांवर पडलं.

चिंधीबाई वरच्या वाडीवरची. साठी उलटलेली, चिमणीएवढी बाई. पहाटे डोंगर उतरून तिने पळसाच्या पानांवर कंटोळ्यांचे नीट वाटे मांडले होते. सरांच्या टाचेखाली त्यातले तीन वाटे गेले. बाईच्या हातात कुरडूच्या भाजीची जुडी होती. ती उठली आणि जुडीच तिने सरांच्या गालावर ओढली. फाट्!

“डोलं कुठं ठेवलंस रं?”

सगळा बाजार थांबला. सर उभे. दोन्ही हात खाली लोंबलेले. गाल हिरवा. बावीस वर्षांत सरांनी वार अडवायचा सराव लाखभर वेळा तरी केला असेल, आणि जुडी गालावर येऊन, फुटून, पानं गळ्यात उतरेपर्यंत त्यांच्या एकाही हाताला वर यावंसं वाटलं नव्हतं.

पुढे सर वागले मात्र माणसासारखे. बाईची माफी मागितली, गुडघ्यावर बसून चांगली कंटोळी वेचून दिली, दुपारी तिची टोपली उचलून जीपमध्ये चढवून दिली. तोवर चिंधीबाई सगळं विसरूनही गेली होती. बाजार विसरला नव्हता.

संध्याकाळी शेडमध्ये सर म्हणाले, “स्त्रीवर हात उचलायचा नाही, हा आपला नियम आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. इथेच विषय संपला असता. पण कमळ्याचा जीव काकासाठी तुटत होता. तो धीर द्यायला पुढे आला.

“काका, तुमची काय चूक नाय. तिनं आदी सांगितलंच नाय ना, मारते म्हणून.”

मग पहिल्या रांगेतल्या संजनाने हात वर केला. संजना बारावीची, कॉलेजसाठी रोज कर्जतला जाणारी, सहा वर्षं या वर्गात असलेली पोरगी. तिने अगदी खऱ्या शंकेने विचारलं, “सर, मग मला कुणी न सांगता धरलं तर?”

सरांनी वर्ग लवकर सोडला.

त्यांची बायको गोदा मला नंतर सांगत होती की दोन दिवस माणूस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तीच बोलली. गोदावहिनी बोलायला लागल्या की सरांचा काळा पट्टा आपोआप सैल होतो.

“अवो, दुरुस्त केलेली मोटार तुमी पाण्यात सोडून बघितल्याबिगर कुणाला देता का?”

“नाय. लोडवर चालवून बघावी लागते. रिकामी तर कुठली पण फिरते.”

“मग बावीस वर्सं सोताला रिकामंच फिरवलंत की.”

सर ताट सारून बाजारपेठेतल्या माझ्या दुकानात आले. चेहरा मोटार जळलेल्या गिऱ्हाइकासारखा. म्हणाले, “दसऱ्यानंतर खोपोलीला स्पर्धा हाय. चाळीसच्या वरच्यांचा गट हाय त्यात. मी नाव देतो.” मी हसलो. ते हसले नाहीत. “तिथं हात हलला नाय, तर वर्ग बंद. सहा वर्सं शिकून ती पोर माझ्या भरवशावर कर्जतला जातीये. मी तिला काय दिलंय ते मलाच ठाऊक नाय.”

मग मीही हसायचा थांबलो.

आता सरावाला कुणीतरी मारणारं हवं. सरांनी सगळ्यांना सांगितलं, आजपासून खरं मारायचं. पुतणे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कमळ्याला पुढे ढकललं. त्याने नमस्कार केला, डोळे गच्च मिटले आणि सरांच्या खांद्यावर, उशी झटकावी तसा एक ठोसा टाकला. आणि टाकल्याबरोबर सवयीने स्वतःच ‘आई गं’ म्हणून, गोल फिरून, पसरला.

“कमळ्या, तू मारलंस रं!” सर ओरडले.

“हां काका. चुकी झाली.”

सरांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सुनंदा केसांना रबर लावत पुढे येतच होती.

पहिला ठोसा पोटात गेला. सर तुसाच्या पोत्यावर बसले.

“लागलं, सर?”

“नाय.”

“मग बसलात कशाला?”

पुढचे दोन महिने ड्युटी सुटली की सुनंदा थेट शेडवर यायची आणि काळ्या पट्ट्याला पांढरा पट्टा बडवायचा. स्पर्धेचे नियम तिने कर्जत ते मुरबाड गाडीतच पाठ केले. लढत दोन मिनिटांची. ठोसा नीट लागला तर एक गुण, पोटात लाथ बसली तर दोन, डोक्याला पोचली तर तीन. चार कोपऱ्यांत चार जज झेंडे घेऊन बसणार, त्यातल्या दोघांनी तरी झेंडा उचलला तरच गुण.

“आणि मानेवरचा वार?” सरांनी विचारलं.

“तुमी आदी मानेपर्यंत पोचा.”

सर हात कुठून येतोय ते बघत बसायचे आणि तेवढ्यात हात येऊन परत गेलेला असायचा. सुनंदा वैतागायची. “हाताकडं नाय, कमरेकडं बघा. माणूस हातानं खोटं बोलतो, कंबर नाय बोलत. आमी चढाईला जायचो तवा सात जणी समोर. कोण सांगायची का, ताई, आता पाय धरते हं तुझा?”

“अंतर कसं कळायचं?”

“चार वेळा खाल्ल्यावर कळतं.”

चौथ्या वेळेनंतर सरांना खरंच कळलं. कुठे उभं राहिलं की लागत नाही आणि कुठे उभं राहिलं की आपला पोचतो, ही दोन ठिकाणं एकमेकांपासून फार तर वीतभर असतात, आणि ती वीत रोज, दर क्षणाला हलत असते. हे काताच्या एकाही पायरीत नव्हतं. सर हे मला मोटारींच्या गाळ्यात समजावत होते, एका हाताने बरगडी धरून. रात्री गोदावहिनी गरम विटेने शेक द्यायच्या आणि म्हणायच्या, “मारच खायचा तर हितं फुकट हाय. खोपोलीला कशाला जाताय?”

“हितली मला वळखतात,” सर म्हणायचे.

स्पर्धेच्या दिवशी सर, सुनंदा आणि मी असे आम्ही तिघं खोपोलीला गेलो. कमळ्याला टेंपोचं भाडं होतं, म्हणून तो आला नाही. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान अजून उतरवलेली नव्हती, त्यामुळे दातांत रबर धरलेले पैलवान ‘आपले सहर्ष स्वागत’ आणि दोन बदामांखालून आत जात होते. सुनंदा सकाळीच आपल्या गटात खेळली. पहिली लढत जिंकली, दुसरी हरली, ओठ फुटला, आणि बाई फुटक्या ओठाने मिसळ खाऊन, लाल डोळ्यांनी सरांच्या बाजूला येऊन बसली.

चाळीसच्या वरच्या गटात नावं तीन. त्यातल्या एकाचा गुडघा सकाळी आंघोळ करतानाच धरला. उरले दोन. म्हणजे पहिलीच लढत अंतिम.

सरांच्या समोरचा माणूस बघून मला जरा बरं वाटलं. येसाजी नाव, खालापूरच्या बाजूला कुणाच्या तरी फार्महाऊसची राखण करतो. वय बावन्न, अंगावर मांस नाही, डोक्यावर केस नाहीत. चष्मा काढून त्याने पंचांच्या टेबलावर ठेवला आणि सरांकडे बघून इतकं गोड हसला की मला वाटलं, हा आता घरचं सगळं ठीक आहे ना विचारणार.

लढत सुरू झाली. सर नीट सरकत होते. येसाजीची कंबर हलली, सरांनी त्याचा हात सारला (हात हलला! मी सुनंदाचा दंड धरला, तिने झटकला) आणि उलट्या हाताचा ठोसा बरोबर त्याच्या छातीवर टाकला. आवाज आला. एका कोपऱ्यात झेंडा वर गेला. पण एकच. एका झेंड्याने गुण होत नाही, त्यामुळे लढत चालूच राहिली.

आणि सरांनी एक पाय मागे घेतला, मुठी कमरेला लावल्या, डोळे अर्धवट मिटले आणि उभे राहिले.

पहिल्यांदा मला कळेना काय चाललंय. मग कळलं. सर येसाजी पडायची वाट बघत होते.

येसाजीलाही कळेना. तो बिचारा दोन पावलं मागे जाऊन, माणसाला चक्कर आली की काय, म्हणून वाकून बघू लागला. रेफरीकडे बघितलं. रेफरीने खांदे उडवले. मग येसाजी जवळ आला आणि, दार वाजवावं तसा, सरांच्या छातीवर एक ठोसा ठेवून गेला. चारही झेंडे वर. एक गुण येसाजीला.

पुन्हा सुरुवात. सरांचा ठोसा पुन्हा लागला, या वेळी जरा वर, खांद्यावर. गुण नाही. आणि पुन्हा पाय मागे, मुठी कमरेला, डोळे मिटलेले. बावीस वर्षांची सवय दोन महिन्यांत कुठली जायला! येसाजीने आता चौकशी केली नाही. लाथ पोटात. तीन शून्य. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “अरे, त्यांना ध्यान करू द्या!”

सुनंदा खुर्चीवर चढली. पूर्ण भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात ती किंचाळली, “सर, तो पडणार नाय! तो तुमचा पुतण्या नाय! डोळे उघडा आन् खेळा!”

सगळं मंगल कार्यालय सरांकडे बघायला लागलं. सरांचे कान लाल झाले. मग त्यांनी येसाजीकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगतो, बावीस वर्षांत त्यांनी समोरच्या माणसाकडे असं पहिल्यांदाच बघितलं असेल. हा माणूस आपल्याला मारणार आहे, आणि आपण मारलं तरी उभा राहणार आहे, हे त्यांच्या डोळ्यांत शिरताना दिसत होतं.

पुढचं मिनिटभर सर खेळले. सुंदर नाही. काताचा डौल कुठल्या कुठे गेला, पट्टा सुटला, एकदा स्वतःच्याच पायात पाय अडकला. आणखी तीन गुण खाल्ले. पण ठोसा टाकून झाला की ते थांबेनात. टाकला, सरकले. खाल्ला, सरकले. आणि वेळ संपायला काही सेकंद असताना येसाजीची कंबर फिरली, सर बाजूला झाले आणि त्यांचा डावा हात येसाजीच्या बरगडीवर असा बसला की तीन झेंडे एकदम वर गेले. सहा एक. सर हरले.

येसाजी मात्र रडायला लागला. पंधरा वर्षं तो या स्पर्धांना येतोय आणि हा त्याचा पहिला विजय होता. तो सरांच्या गळ्यात पडून म्हणाला, “दादा, लई उपकार झालं.” सरांना हे अभिनंदन कसं घ्यावं ते कळेना.

बाहेर वडा खाताना सरांनी त्याला विचारलं, “पंधरा वर्सं नुसता मार खाल्लात? काय मिळालं?”

येसाजी जरा विचार करून म्हणाला, “पयल्या वर्सी समोरून हात आला की माझे डोळे मिटायचे. आता उघडे राहतात. मागच्या पावसात फार्महाऊसवर चोर आले व्हते, दोघं. मी मारलं-बिरलं काय नाय. पण डोळे उघडे व्हते, म्हणून दार सापडलं, आन् पळालो.”

सर वड्याचा घास तोंडात धरून कितीतरी वेळ चावायचं विसरले.

आता माझी चूक. गटात दोघं म्हटल्यावर हरणाऱ्याला रौप्यपदक मिळतं, हा नियम. ते गळ्यात पडल्या पडल्या मी वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं : ‘सरांना रौप्य!’ पुढचा तपशील लिहायला माझी बोटं आळसावली.

आमच्या तालुक्यात फ्लेक्स छापायला भजी तळण्यापेक्षा कमी वेळ लागतो. आम्ही संध्याकाळी कशेळ्याला उतरलो, तर जीपस्टँडवर पंधरा फुटी सर उभे. मागे बर्फाचा डोंगर, पुढे झेप घेणारा वाघ, खाली ‘रायगडचा ढाण्या वाघ’ आणि शुभेच्छुकांत कमळ्याचे नऊ फोटो. बँजो लावलेला. कमळ्या हार घेऊन पुढे आला, “काका, किती जणांना पाडलंत?”

मी सरांचा चेहरा बघत होतो. हार गळ्यात घ्यायचा, हसायचं, घरी जायचं. कुणाला काही कळलं नसतं. हारासाठी मान खाली घालायची, एवढंच काम होतं. गर्दीत मागे गोदावहिनी होत्या, आणि त्यांच्या शेजारी संजना.

सरांनी बँजोवाल्याला हाताने थांबवलं. घसा खाकरला. पुस्तकी भाषा आलीच नाही.

“ऐका रं. गटात दोघंच व्हतो. मी दुसरा आलो.”

गर्दीला हिशेब लागायला वेळ लागला. मग कुणीतरी खुसकन हसलं आणि ते हसू जीपस्टँडभर पसरलं. सर थांबले. हसणं संपू दिलं. “सहा गुण खाल्ले. एक घेतला. तो कसा घेतला ते मंगळवारी शिकवतो. आन् पहिले तीन कसे गेले, ते त्याच्या आदी शिकवतो, कारण मी तुमाला सगळ्यांना पण तसंच शिकवलेलं हाय.” मग कमळ्याला म्हणाले, “तो वाघ उतरव. त्याची कायपण चूक नाय.”

वर्ग बंद झाला नाही. मंगळवारी येसाजीने दिलेले जुने हातमोजे आले, सहा जोड, दर जोडीला वेगळा वास. चार पालकांनी पोरं काढली. तक्रार अशी की पूर्वी लागत नव्हतं. कमळ्याने तपकिरी पट्टा स्वतःहून परत आणून दिला, आणि सरांनी तो सुनंदाकडे दिला. तिने तो घडी करून तिकिटांच्या पिशवीत टाकला आणि सांगितलं, “परीक्षा घ्या, मग बांधीन.”

मग सरांनी संजनाला पुढे बोलावलं. दोघांनी मोजे चढवले. सुनंदा घड्याळ घेऊन बाजूला उभी राहिली. सरांनी नमस्कार केला आणि काहीही न सांगता तिच्या खांद्यावर ठोसा मारला. जोरात नाही, पण खरा. संजनाचे डोळे गच्च मिटले.

“काय दिसलं?”

“काय नाय, सर.”

दुसरा. पुन्हा डोळे मिटले. तिसरा. चौथ्याला तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डोळे उघडे होते. पाचवा हात निघाला तेव्हा ती बाजूला झाली. कुणी शिकवलेलं नव्हतं, नुसती झाली, आणि सहा वर्षं हवेत टाकलेला तिचा उजवा ठोसा सरांच्या पोटात कोपरापर्यंत गेला.

सर हबकून तुसाच्या पोत्यावर बसले. पोतं फाटलं. संजना तोंडावर दोन्ही मोजे धरून, “सर, लागलं का?”

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं. एक गुण. चेहऱ्यावर तूस, मिशीत तूस, आणि इतका आनंद, की काळा पट्टा मिळाला त्या दिवशीही बहुधा झाला नसेल.

“लागलंय चांगलं,” सुनंदा घड्याळावरून नजर न काढता म्हणाली. “उठा सर, अजून सव्वा मिनिट हाय.”